पेशंटचं काम

नीलम्माला त्या वर्षी पुष्कळ गोष्टींचा राग आला, पण पहिला राग आला तो ‘उचलायला हलकी’ या शब्दांचा.

नांदेडच्या नर्सिंगच्या शाळेत ती दुसऱ्या वर्षाला होती. उमादेवी सिस्टर त्यांना शिकवायच्या. देगलूरकडच्या, आवाज बारीक पण शिस्त जबर. मज्जासंस्थेचे आजार शिकवून झाले की त्या दरवर्षी वर्गाचे गट पाडायच्या आणि चिठ्ठ्या उचलायला लावायच्या. कुणाला लकवा निघायचा, कुणाला धनुर्वात, कुणाला पोलिओ. जो आजार निघेल तो गटानं सगळ्या शाळेसमोर मांडून दाखवायचा. एकीनं बोलायचं, एकीनं तक्ते धरायचे, एकीनं नर्स व्हायचं, एकीनं पेशंटची नातेवाईक, आणि एकीनं पेशंट. नीलम्माच्या गटाला फेफरं निघालं.

भाषण नीलम्मानं लिहिलं. पुस्तकं समोर घेऊन लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठ केलं. लिहिलं तिनं म्हणजे बोलणार तीच, हे ती धरूनच चालली होती, गटातल्या बाकीच्याही. तालमीच्या दिवशी ती उभी राहिली आणि हात मागं बांधून घडाघडा म्हणू लागली.

“थांब,” उमादेवी सिस्टर मधेच म्हणाल्या. “लिहिलंस चांगलं. पण तू बोलतेस की पाढे म्हणतेस? चांगुणा, तू घे गं तो कागद.”

चांगुणानं कागद घेतला, एकदा वरून खाली नजर टाकली आणि तो बाजूला ठेवून बोलू लागली. ‘अपस्मार हा मज्जासंस्थेचा विकार असून’ असं नीलम्मानं लिहिलं होतं. चांगुणा म्हणाली, “माय-बाप हो, आपल्या गल्लीत एखादं लेकरू चालता चालता दाणकन पडतं. आपण काय म्हणतो? बाहेरचं लागलं. बाहेरचं काही नसतं. जे काय बिघडलेलं असतं ते इथं, डोक्याच्या आत असतं.” मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलीसुद्धा ताठ बसल्या.

“चांगुणा बोलेल,” सिस्टर म्हणाल्या. “नीलम्मा, तू पेशंट हो. खाटेवर उचलून ठेवावं लागतं. तू उचलायला हलकी आहेस.”

सगळ्या हसल्या. नीलम्माही हसली. हसली नसती तर रडू आलं असतं.

चांगुणा सोनकांबळे उमरीची. वडील केरबा रेल्वेच्या गँगमध्ये खडी ठोकायचे. घरात पुस्तकं नव्हती, पण दर चौदा एप्रिलला वस्तीत मंडप पडायचा, आणि चार वर्षांची असल्यापासून चांगुणाला टेबलावर उभी करून बोलायला लावायचे. पहिल्या वर्षी ती टेबलावर मुतली होती, हे तीच हसत हसत सांगायची. दुसऱ्या वर्षी दोन वाक्यं बोलली. दहावीला येईपर्यंत शेजारच्या तीन गावांची माणसं तिला जयंतीला बोलवायला यायची. माणसांच्या गर्दीकडं ती अशी बघायची, जशी दुसरी एखादी मुलगी आपल्या आत्याकडं बघते.

नीलम्मा लातूरची, लिंगायताच्या घरची. वडील मलप्पा, तिचे अप्पा, त्यांचं भांड्यांचं दुकान. त्यांच्याकडं गिऱ्हाईक आलं की मुलींनी आत जायचं, आणि आतून काही विचारायचं असेल तर कडी वाजवायची. कडी वाजवायची सवय असलेल्या मुलीनं शंभर माणसांसमोर कसं बोलायचं? हे नीलम्माला तेव्हा कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की भाषण तिचं आहे आणि तोंड चांगुणाचं.

त्या साली पावसानं पुन्हा ओढ दिली होती. गोदावरीच्या पात्रात पोरं चेंडू-फळी खेळायची. हॉस्टेलला टँकर यायचा आणि प्रत्येकीला एक बादली मिळायची. तिच्यातच अंघोळ, तिच्यातच कपडे. केस धुवायचे असले की दोघी-तिघी मिळून पाणी साठवायच्या. चांगुणा मात्र टँकरवाल्याला हाक मारायची, “मामा, मामीची कंबर कशी हाय आता? शेक द्यायला सांगितलं होतं, दिला का?” टँकरवाला खूश होऊन नळी पुन्हा तिच्या बादलीत सोडायचा.

त्यातली अर्धी बादली ती आणून नीलम्माच्या घागरीत ओतायची. “घे, केस धू. वास यायलाय तुझ्या केसांचा.”

नीलम्मा केस धुवायची, पण पाणी चांगुणानं दिलंय हे डोक्यावर तांब्या रिकामा होईपर्यंत तिला टोचत राहायचं. कंजूष माणसाचा हेवा करणं सोपं असतं. चांगुणानं तेवढीही सोय ठेवली नव्हती.

शाळेतल्या कार्यक्रमात त्यांचा गट पहिला आला. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या त्या चांगुणाकडं बघून. आणि मग उमादेवी सिस्टरांनी सांगितलं की हाच गट लातूरला न्यायचा. लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. नव्या जिल्ह्यात सगळंच नवं चाललं होतं, कचेऱ्यांना रंग, चौकांना पाट्या. त्यातच एक आरोग्य प्रदर्शन भरणार होतं, कलेक्टर येणार होते, आणि मोठ्या मैदानावर मांडव टाकून लोकांना आजारांची माहिती द्यायची होती.

लातूर म्हटल्यावर नीलम्माला ते भाषण पुन्हा आपल्याच तोंडी हवंसं झालं.

त्याचं कारण असं की अप्पा तिला पुढं शिकवायला तयार नव्हते. त्यांच्या लेखी नर्स म्हणजे दुसऱ्यांची भांडी उचलणारी बाई. उदगीरच्या माणिकप्पांच्या मुलाचं स्थळ आलं होतं, आडतीचं दुकान, घरात दोन म्हशी. दिवाळीत सुट्टीला आली की लातूरलाच राहायचं, पुन्हा नांदेडला जायचं नाही, असं जवळजवळ ठरलं होतं. शेवटचं वर्ष राहणार होतं. नीलम्माला वाटायचं, अप्पांनी एकदा मला लोकांसमोर बघितलं पाहिजे. माइकसमोर उभी असलेली, कलेक्टर ऐकतायत, लोक विचारतायत की ही कुणाची मुलगी. व्यापारी माणूस आहे, चार लोकांनी चांगला म्हटलेला माल तो कधी मोडीत काढत नाही.

ती उमादेवी सिस्टरांकडं गेली. “सिस्टर, लातूरला मी बोलू का? माझं गाव आहे. भाषण पण मीच लिहिलंय.”

“तुझं गाव आहे म्हणूनच नको. घरच्यांना बघून तुझी बोबडी वळेल.” सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. “आणि पेशंटचं काम कमी नसतं गं. पेशंट नसेल तर बोलणारी काय भिंतीला शिकवेल?”

खोलीवर आल्यावर चांगुणानं विचारलं, “काय म्हणाल्या?”

“कुठं काय.”

“तू मागितलंस ना बोलायला? मला सांगितलं असतंस तर मीच बोलले असते सिस्टरांशी.”

हेच नको होतं नीलम्माला. आपल्यासाठी बोलण्याची परवानगीसुद्धा हिनंच बोलून मिळवायची. “मला नाही बोलायचं,” ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून पडली. साखरा नावाची हदगावची मुलगी त्यांच्याच गटात होती, ती नातेवाईक व्हायची. ती म्हणाली, “नीले, पेशंटचंच बरं हाय बघ. पडायचं, झटके द्यायचे, झोपायचं. मला तर बोंबलून बोंबलून घसा बसतो.”

निघायच्या आदल्या दिवशी नीलम्मा बाजारातून दोन पुड्या घेऊन आली. एक खायच्या सोड्याची आणि एक लिंबूसत्वाची. दोन्ही चिमूट-चिमूट जिभेवर ठेवलं की तोंडात फसफसून फेस येतो, हे तिला लहानपणीच्या खेळातनं माहीत होतं. कुणाला सांगितलं नाही. पेशंटचं काम कमी नसतं म्हणता ना, तर बघाच, असं तिच्या मनात होतं.

लातूरच्या मैदानावर ऊन मी म्हणत होतं. पावसाळ्याचे दिवस, पण आभाळात ढग औषधाला नव्हता. पुढं खुर्च्यांवर साहेब लोक, मागं सतरंजीवर बाजाराला आलेली माणसं, एका बाजूला बायका. अप्पा दुसऱ्या रांगेत बसलेले नीलम्माला पडद्याआडून दिसले. कपाळावर विभूती, नवी टोपी. शेजारी जाडजूड माणिकप्पा. उदगीरहून मालाच्या कामाला आले होते, त्यांना अप्पा मुद्दाम घेऊन आले होते, पोरगी दाखवायला. ते बघून नीलम्माचा जीव अजूनच जळला. आज माइकसमोर ती असती तर.

खेळ ठरलेला होता. टँकरपाशी बायकांची रांग. रांगेत पेशंट घागर घेऊन उभी. तिला फेफरं येतं, ती पडते. नातेवाईक साखरा बोंबलत येते, नाकाला कांदा लावते, हातात किल्ल्या देते, चप्पल हुंगवायला निघते. नर्स येते, सगळं बाजूला सारते, पेशंटला कुशीवर वळवते. चांगुणा माइकवर समजावून सांगते. तोवर झटके थांबतात, पेशंटला उचलून खाटेवर ठेवतात, ती उठून बसते आणि एकच वाक्य बोलते, “मी रोजची गोळी चुकवली होती, आता चुकवणार नाही.” त्या वाक्यावर टाळ्या. ते एक वाक्य काय ते नीलम्माचं.

ती पडली. घागर लांब घरंगळत गेली. पडता पडताच तिनं पदराच्या टोकातली दोन्हींची पुडी तोंडात रिकामी केली होती. दात आवळले, डोळे वर फिरवले, हात-पाय ताठ केले आणि झटके द्यायला लागली. वॉर्डात तिनं खरं फेफरं बघितलं होतं, नीट लक्ष देऊन बघितलं होतं. मग ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा फेस आला आणि गालावरून खाली ओघळला.

साखरा बोंबलायचं विसरली. ‘अगं बाई’ एवढंच तिच्या तोंडून आलं, आणि ते भाषणातलं नव्हतं.

माइकवर चांगुणानं सुरुवात केली, “माय-बाप हो…” पण तिच्याकडं कुणी बघतच नव्हतं. सतरंजीवरची माणसं गुडघ्यांवर उठली. खुर्च्यांवरचे साहेब पुढं वाकले. नीलम्माला हे डोळे मिटूनही कळत होतं. अंगावर हजार नजरांचं ऊन पडलं होतं, आणि ते तिला गोड लागत होतं. थांबायची खूण होती ती चांगुणाचं ‘घाबरायचं नाही’ हे वाक्य. ते आलं, गेलं. नीलम्मा थांबली नाही.

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली आणि हातात आपली चप्पल घेऊन थेट स्टेजवर चढली. “सरका गं पोरींनो, नाकाला लावू द्या, जीव जाईल लेकराचा.”

तेवढ्यात कुणीतरी नीलम्माशेजारी गुडघे टेकून बसलं. चांगुणाचा श्वास तिच्या कानाला लागला. “नीले, बास कर.”

नीलम्मानं ऐकलं, आणि पाय अजून जोरात आपटला.

मग चांगुणा उठली. कागद, भाषण, सगळं सोडून ती म्हातारीच्या समोर उभी राहिली. “आजी, ती चप्पल पायात घाला. उन्हानं फळ्या तापल्यात, तुमचा पाय भाजंल.” लोक हसले. “तुम्ही धावत आलात. इथं इतकी माणसं बसलीत, एकट्या तुम्ही धावलात. तुमचा जीव मोठा हाय. पण चपलेनं फेफरं थांबत न्हाई. कांद्यानं न्हाई, लोखंडानं न्हाई. तिला कुशीवर ठेवायचं, आसपास दगड-धोंडा असंल तर काढायचा, तोंडात काही घालायचं न्हाई. अन् मग वाट बघायची. फेफरं आपलं आपण थांबतं. बसा आजी, इथं माझ्यापाशी बसा. आपण सगळे मिळून वाट बघू.”

म्हातारी बसली. सगळं मैदान गप्प झालं. एवढी माणसं, आणि नुसता मांडवाच्या कापडाचा फडफड आवाज. सगळे नीलम्माचं फेफरं थांबायची वाट बघत होते, आणि चांगुणाच्या शब्दावर बघत होते.

आता नीलम्मा किती वेळ झटके देणार? न थांबावं तर जीव घुसमटत होता, सोडा घशात गेला होता. थांबावं तर चांगुणाचा शब्द खरा होत होता. अखेर तिचे हात-पाय आपोआप ढिले पडले.

टाळ्यांनी मांडव दणाणला. नर्स झालेल्या मुलीनं आणि साखरानं तिला उचलून खाटेवर ठेवलं. तिनं उठून बसून ते वाक्य म्हणायचं होतं. तोंड उघडलं तर घसा लाकडासारखा कोरडा, आवाजच फुटेना. दोनदा खोकली आणि तशीच आडवी झाली. खुर्चीवरचे एक डॉक्टर पुढं येऊन तिची नाडी बघू लागले. म्हणजे ते वाक्य गेलंच. आणि हे नाटक होतं हे लोकांना सांगणारं तेवढंच एक वाक्य होतं.

चांगुणानं माइकवर शेवट केला, “फेफरं असलेला माणूस बी नोकरी करतो, संसार करतो, त्याला घरात कोंडू नका,” आणि कलेक्टरांनी तिला बोलावून नाव विचारलं. उमादेवी सिस्टर मात्र पडद्यामागं आल्या आणि नीलम्माच्या ओठाला बोट लावून वास घेतला. जाताना एवढंच म्हणाल्या, “पेशंटनं पेशंटएवढंच करायचं असतं.”

दुपारी गटातल्या मुली मुक्कामाला दिलेल्या एका शाळेच्या खोलीवर गेल्या आणि नीलम्मा घरी आली. घरात माणिकप्पांसाठी शेंगांच्या पोळ्या केल्या होत्या, पण माणिकप्पा जेवायला बसले नव्हते. दारात उभं राहून पायताण चढवत होते.

“मलप्पा, पोरीच्या तब्येतीचं आधी सांगायला पाहिजे होतं.”

“अहो पाव्हणं, नाटक होतं ते. शाळेतलं.”

“नाटकात फेस येतोय व्हय? मी उदगीरच्या जत्रेतली नाटकं इतकी वर्षं बघायलोय, अजून कुणाच्या तोंडाला फेस आलेला बघितला न्हाई.” आणि ते बस गाठायला निघून गेले.

अव्वा, म्हणजे नीलम्माची आई शांतम्मा, तिला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. “कधीपासून हाय गं तुला? सांगायचं न्हाई का मला?”

“अव्वा, मला काही झालेलं नाही. सोडा होता तो. हे बघ.” नीलम्मानं बाजारातल्या पुड्यांतली उरलेली चिमूट जिभेवर ठेवून दाखवली. फेस आला तशी अव्वा किंचाळून देव्हाऱ्याकडं पळाली.

अप्पा उंबऱ्यात उभे होते. त्यांनी ते बघितलं आणि त्यांना पटलंही. पण पटल्यावर त्यांचा चेहरा अजून उतरला.

“नाटक होतं तर मग येवढं खरं काहून केलंस?” त्यांनी विचारलं. “आपलं गाव. मी पाव्हण्याला घेऊन बसलेलो. दुसऱ्या पोरी बोलायल्या, हसायल्या. तूच काहून येवढी लोळलीस धुळीत?”

या प्रश्नाला उत्तर होतं. ते उमरीचं होतं, त्याचं नाव चांगुणा होतं, आणि ते अप्पांना सांगण्यासारखं नव्हतं.

“जाऊ दे,” अप्पा म्हणाले. “आता नांदेड नको. स्वामींना दाखवू, गंडा बांधू. लोकांचं तोंड निवळंपर्यंत घरातच राहा.”

दिवाळीपर्यंतची मुदतही गेली. जे मिळवायला सगळा आटापिटा, तेच हातचं सुटलं, आणि आपल्याच हातानं. त्या रात्री ती रडली ती काही पश्चात्तापानं नाही. शेवटच्या वर्षाला चांगुणा बसणार, आपण नाही, या विचारानं रडली.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा दारात चांगुणा उभी. “काका, बसची वेळ झाली. सिस्टर स्टँडवर थांबल्यात. नीलम्मा कुठाय?”

त्या दुष्काळात लातूरच्या अर्ध्या पेठेत माशा मारत बसायची पाळी होती, पण मलप्पांचं दुकान चालत होतं. पितळेच्या घागरी मागं पडून प्लास्टिकच्या आल्या होत्या, हिरव्या, निळ्या, दोरीला ओवून टांगलेल्या. त्यांच्या गर्दीत वाकून चांगुणा आत आली. नीलम्मा आतल्या दारामागं उभी राहून ऐकत होती.

“कुठली गं तू?”

“उमरीची.”

“आडनाव काय?”

“सोनकांबळे.”

अप्पा जरा थांबले. मग म्हणाले, “बस. काल चांगलं बोललीस.” आणि आत हाक मारली, “पाणी आणा.”

अव्वानं पाणी आणलं. घरातल्या तांब्या-भांड्यातनं नाही. दुकानातल्या फळीवरनं एक नवा प्लास्टिकचा गिलास उचलला, त्यावरची कंपनीची चिकटपट्टीसुद्धा काढली नाही, आणि त्यात पाणी ओतून दिलं. चांगुणानं गिलास हातात घेतला, ती चिकटपट्टी बघितली, आणि पाणी पिऊन टाकलं. “गिलास चांगला हाय, मावशी,” ती म्हणाली. “माझ्यासाठीच काढलात, न्हाई?”

अव्वा आत आली. दारामागं नीलम्माशी तिची नजरानजर झाली. हॉस्टेलवर या मुलीच्या बादलीतलं पाणी आपण डोक्यावर घेतो, हे अव्वाला सांगायचं नीलम्माच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

“तब्येत बरी न्हाई तिची,” अप्पा बाहेर म्हणत होते. “आता न्हाई पाठवायची.”

“काका, ठणठणीत हाय ती. तुम्हाला बी माहीत हाय.”

“मला माहीत असून काय करू? मी घागरी इकू, का माझ्या पोरीचं नाटक होतं म्हणून दवंडी देत फिरू?”

चांगुणा लगेच बोलली नाही. नीलम्माला ते विचित्र वाटलं, चांगुणाला शब्द शोधावे लागतायत.

“गाव तुमचं ऐकणार न्हाई,” शेवटी ती म्हणाली. “घरी ठेवलंत तर लोक म्हणतील, बघा, खरंच फेफरं होतं, म्हणून शाळेतनं काढून आणली. पण पास झाली तर नोकरीच्या आधी सरकारी डॉक्टर तपासतात. फेफरं असलेल्या पोरीला सरकार नर्स करंल का? इथं नवा जिल्हा झालाय, दवाखाना वाढणार, नर्सा लागणार. ती याच गावात पांढरी साडी नेसून फिरली, तर कोण काय बोलंल?”

अप्पांनी फळीवरचं दुधाचं माप उचललं आणि उगाच उलटं करून बघितलं. त्याच्या बुडाला सरकारी शिक्का होता. “खरं हाय,” ते हळू म्हणाले. “शिक्का नसंल तर माप बरोबर असून बी गिऱ्हाईक भांडतंय.” मग आतल्या दाराकडं न बघता म्हणाले, “नीलम्मा, बॅग घे. पण पास व्हायचं. नापास झालीस तर फेफरंच होतं असं मी बी म्हणणार.”

बस अहमदपूरच्या पुढं गेली तेव्हा दोघी एका बाकावर बसल्या होत्या. साखरा मागं गाणी म्हणत होती, ‘ये गं चांगुणे’ म्हणून बोलवत होती. चांगुणा गेली नाही.

“बास म्हटलं तेव्हा थांबली का न्हाईस?” तिनं खिडकीतनं बाहेर बघत विचारलं.

“ऐकू आलं नाही.”

“आलं होतं. तुझा पाय हलला.”

नीलम्मानंही बाहेर बघितलं. शेतं काळीभोर, नांगरून तशीच पडलेली, पेरणीच नाही.

“काल मी माइकवर काय म्हटलं?” चांगुणा म्हणाली. “फेफरं असलेला माणूस बी नोकरी करतो, संसार करतो, त्याला घरात कोंडू नका. अन् आज तुझ्या बापापुढं, त्याच तोंडानं, फेफरं असलेल्या पोरीला नोकरी कोण देतंय म्हटलं. आमच्याकडं टेबलावर उभं करायचे तेव्हा माझे बाबा म्हणायचे, जे पटत न्हाई ते बोलायचं न्हाई. एक डाव बी बोलले नव्हते मी.”

आता तरी नीलम्मानं तिचा हात धरायला हवा होता. गेलेलं वर्ष परत मिळालं होतं, या मुलीनं खोटं बोलून, चिकटपट्टीच्या गिलासातनं पाणी पिऊन मिळवून दिलं होतं. पण नीलम्माच्या मनात आलं ते एवढंच, की खोटं बोलल्याचं दुःखसुद्धा हिचं माझ्यापेक्षा मोठं. मी मैदानभर माणसांना फसवलं आणि मला झोप लागली. ही एका माणसापुढं एक वाक्य बोलली आणि हिला खिडकी पुरेना.

“भाषण माझं होतं,” नीलम्मा म्हणाली.

चांगुणानं वळून तिच्याकडं बघितलं. “हाव,” ती म्हणाली. “तुझंच होतं.” आणि उठून साखराशेजारी जाऊन बसली.

त्यानंतर त्या दोघींत भांडण झालं नाही, पण चांगुणानं तिच्या घागरीत पुन्हा पाणीही ओतलं नाही. दोघी पास झाल्या. चांगुणा उमरीकडं गेली. नीलम्माला लातुरातच नोकरी लागली, अप्पांनी पेढे वाटले आणि मुद्दाम एक पुडा उदगीरला पाठवला. पुढं निलंग्याच्या एका शिक्षकाशी तिचं लग्नही झालं.

पण अप्पांचा हिशेब अर्धाच बरोबर ठरला. शिक्का बसला, तरी गाव विसरलं नाही. ‘ती फेफरंवाली सिस्टर’ हे नाव दवाखान्याच्या भिंतींना चिकटलं ते चिकटलंच. पहिली काही वर्षं ती चिडायची, सांगायची, मला काही नव्हतं, नाटक होतं. मग एकदा जळकोटकडची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी शाळेतनं काढलेली, कपाळावर पडून पडून खोक. बाईनं ओ.पी.डी. सोडून नीलम्मालाच शोधून काढलं. “सिस्टर, तुमाला बी व्हतं म्हणं. तरी तुमी नोकरी केलाव, लेकरं झाली. हिला सांगा वो जरा. माझं ऐकना गेलीय.”

मुलगी नीलम्माच्या तोंडाकडं बघत होती. नाही म्हणायला नीलम्मानं तोंड उघडलं आणि म्हणाली, “गोळी रोज घ्यायची. चुकवायची नाही. शाळेत जायचं.”

तेव्हापासून तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. माणसं येत राहिली, रेणापूर, चाकूर, पार बिदरच्या हद्दीवरनं. चांगुणानं एका दुपारी माइकवर जे सांगितलं, ते नीलम्मा नोकरी संपेपर्यंत न बोलता सांगत बसली. कधी कधी तिला वाटायचं, आता तरी बरोबरी झाली असेल.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना एक म्हातारी नातवाला घेऊन आली. गोळ्या समजावून घेतल्या, पिशवीत ठेवल्या, आणि उठता उठता म्हणाली, “मी तवा मैदानावर व्हते, बाई. तुमी पडलेलं ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. अन् ती तुमच्यासंगची पोरगी, बोलणारी? काय बोलायची, बाई, काय बोलायची. अजून कानात हाय. कुठं असती ती?”

“उमरीला,” नीलम्मा म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.